थोरलीचा ‘ला’

आमच्या थोरलीसारखा ‘ला’ कुणालाच काढता यायचा नाही. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. लोकांच्या जावा भांडणात हुशार असतात, नाहीतर टोमण्यांत. आमची हुशार कशात, तर अक्षरात. ‘ल’ची ती दोन गोल पोटं, शेजारी ताठ उभा काना आणि डोक्यावर फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी ओळ. हातात खडू आला की बाई जगाला विसरायची. गॅसवर दूध असलं तरी. ते दूध मग मी बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं आता काढायचं कारण म्हणजे त्या एका ‘ला’पायी आमच्या गल्लीत जो घोळ झाला, तो अजून कुणाला धड कळलेला नाही. जो तो आपापल्या परीने तिखटमीठ लावून सांगतो. मी तिथे होते. होते म्हणजे काय, घोळाचं मूळच मी. पण ते ओघाने येईल, आत्तापासून माझ्या अंगावर येऊ नका.

थोरलीचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ही सहा-सात वर्षांची असल्यापासून त्याची शिडी धरायची, दोरीला खडू चोळून भिंतीवर सरळ रेघ मारायची. वाचता यायच्या आधी तिला अक्षरं काढता येत होती. ‘औषधे’ हा शब्द तिने बापाबरोबर चार दुकानांवर रंगवला, आणि चारही दुकानं एकाच माणसाची आहेत असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं. बाप सांगायचा, “अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं.” हे तिने इतकं मनावर घेतलं की पुढे जन्मभर तसंच वागली. चौथीनंतर शाळा सुटली, बापाची दृष्टी अधू झाली, शिडी विकली गेली. मग लग्न, मग लाँड्री. लाँड्रीत तिला एकोणीस वर्षं झाली, मला सोळा.

आमच्या लाँड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन झाल्या की ओल्या चादरी तापलेल्या रोलरमधून काढायच्या. एका बाजूने घालायला चिमणी, दुसऱ्या बाजूने कडक झालेली चादर ओढून घ्यायला थोरली आणि पुढच्या टेबलावर घडी घालायला मी. चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू, म्हणून चिमणी. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईला दिसत नाही. तेव्हा चिमणीचे दोन हात म्हणजे चौघींचं काम करणारे हात, असं समजा.

आता फळा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाची खोली आहे. मंडळ म्हणजे काही बडी मंडळी नव्हेत, गल्लीतलीच दहा-बारा माणसं. कुणाला तडकाफडकी कामावरून काढलं, कुणाला आजारपणात सुट्टी नाकारली, की अर्ज लिहून दे, सोबत जा, संघटनेत नाव घाल, असली कामं ते करतात. खोलीच्या मागे धुण्याचे ओटे आहेत, गल्लीतल्या बाया तिथे घरचे कपडे धुतात, साबण मंडळाचा. आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर मोठा काळा फळा. फळ्यासमोर, रस्ता ओलांडला की थेट आमच्या लाँड्रीचं गेट. म्हणजे कामावर जाताना फळा नाकासमोर आणि येतानाही नाकासमोर.

त्या फळ्यावर आधी गल्लीतला शिंपी लिहायचा. एकदा त्याने ‘कामगारांचे हाक्क’ असं लिहिलं आणि ते चार दिवस तसंच राहिलं. पाचव्या दिवशी थोरलीने रस्ता ओलांडला, शिंप्याच्या देखत ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. शिंपी म्हणाला, “एवढी हौस आहे तर तुम्हीच लिहा की!” त्याला वाटलं ही ओशाळेल. हिने खडूचा डबाच काखेत मारून आणला.

तेव्हापासून दर गुरुवारी पत्रकवाले काका एक कागद द्यायचे आणि ही तो फळ्यावर उतरवायची. पत्रकवाले काका संघटनेचे. भला माणूस, पण खिशात सतत पत्रकं, कुणाशी बोलताना आधी पत्रक हातात देणार आणि मग ‘कसं काय’ विचारणार. ‘आठ तासांच्या वर काम सक्तीचे नाही.’ ‘कामावर इजा झाली तर उपचार कामाच्या ठिकाणाकडून.’ ‘संघटनेत जाणे हा गुन्हा नाही.’ असलं काय काय त्यात असायचं. थोरलीने सात वर्षं ते लिहिलं. वाचलं मात्र एक ओळ नाही.

“ताई, अहो, तुम्ही हे लिहिता, त्यातलं काही डोक्यात शिरतं का तुमच्या?” मी एकदा विचारलं.

“वाचत बसले तर ओळ वाकडी होते गं.”

ओळ वाकडी झाली की ती सगळं पुसायची. एका वाकड्या ओळीसाठी आख्खा फळा! मी कोपऱ्यावर पिशव्या घेऊन ताटकळत उभी, पाय दुखून आलेले, आणि ही बाई पुन्हा दोरी लावतेय. किती वेळा वाटलं, तो खडूचा डबा गटारात फेकून द्यावा.

तर त्या आठवड्यात मंगळवारी चिमणी भाजली.

रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी असते. हात फार पुढे गेला की दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पण चादरीचा जाड काठ लागला तरीही थांबतं, आणि पुन्हा तापायला वेळ जातो. म्हणून कडकसाहेबाने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, दोन महिन्यांपूर्वी ती दांडी तारेने मागे बांधून टाकली होती. त्याचा सदरा नेहमी इतका कडक असायचा की वाकला तर मोडेल, म्हणून कडकसाहेब. तार बांधली तेव्हा आम्ही सगळ्यांनी बघितलं. थोरलीने तर तारेचं दुसरं टोक धरलं होतं, कारण तो म्हणाला, “जरा धरा हो.”

चिमणीचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. मशीन थांबलं नाही. थोरलीने धावत जाऊन मागचं बटण दाबलं, तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तो वास मी सांगणार नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मला इस्त्रीच्या वासाने मळमळतं, एवढंच सांगते.

शुक्रवारी कडकसाहेबाने थोरलीला खोलीत बोलावलं. आवाज एकदम मऊ. म्हणाला, “तुमचं अक्षर फार सुंदर आहे असं ऐकतो. हा मजकूर तेवढा स्वच्छ अक्षरात लिहून आणा, खाली सही करा. तुम्ही समोरच होतात ना. सोमवारी द्या.”

थोरलीला अक्षराचं कौतुक केलं की विषय संपला. कागद पिशवीत घालून ती घरी आली. रात्रीचं जेवण होण्याआधीच टेबल पुसून, दिवा जवळ ओढून लिहायला बसली. मी भाजी चिरत होते. थोड्या वेळाने बघते तर ही नुसती बसलेली. खडूसाठी तहानभूक विसरणारी बाई पेन हातात धरून भिंतीकडे बघतेय.

“काय झालं?”

“ओळ वाकडी होतेय.”

मी हात पुसले आणि कागद बघितला. तिने लिहिलं होतं, ‘सदर कामगार महिलेने सूचना असूनही स्वतःच्या’ आणि तिथे थांबली होती. साहेबाच्या कागदावर पुढचा शब्द होता ‘निष्काळजीपणामुळे’. आणि त्याच्याखाली, ‘यंत्राची दांडी चालू स्थितीत होती हे मी स्वतः पाहिले.’

“ताई, हे तुम्ही वाचलंत?”

“त्याचंच तर झालंय ना,” ती म्हणाली. “या वेळी वाचलं गं मी.”

तिचा चेहरा असा झाला होता की मला धड रागावताही येईना. मी म्हटलं, लिहू नका. ती म्हणाली, मग नोकरी? माझे मोठे दीर पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं घरी, त्यांची औषधं, हिचं काम गेलं तर काय करायचं? मी म्हटलं, मग लिहा. ती म्हणाली, मग चिमणी? हा कागद गेला की चिमणीला काम नाही आणि औषधपाणीही नाही, एवढं आम्हा दोघींना कळत होतं. मी म्हटलं, मग मला विचारू नका, माझी भाजी करपतेय. खरंच करपली होती. आम्ही ती तशीच खाल्ली.

शनिवारी सुट्टी झाल्यावर मंडळाच्या खोलीतून निरोप आला की ओट्यावरचा साबण संपलाय, नवीन आला नाही, उद्यापुरता थोडा चुरा आहे, तेव्हा तसं फळ्यावर लिहा. थोरलीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एरवी ती लिहिते, ‘मंडळाच्या ओट्यावरचा साबण संपला आहे, नवीन आल्यावर कळवू, तसदीबद्दल क्षमस्व’. त्या दिवशी तिने काकांचा गुरुवारचा मजकूर पुसला आणि मोठ्या अक्षरांत दोनच ओळी लिहिल्या:

साबण संपला
सोमवारपासून धुणं बंद

पहिली ओळ दुसरीपेक्षा मोठी, तिचा शेवटचा ‘ला’ पार फळ्याच्या उजव्या कडेला. तिथे तिचा हात जरा थांबला, मग तिने काना ओढला. बापाने पाटीवर कधी पूर्णविराम दिला नाही म्हणून हीसुद्धा देत नाही. ती खडूचा डबा ठेवायला खोलीत गेली. मी आपली दिवसभर घड्या घालून थकलेली, फळ्याच्या कडेला खांदा टेकून उभी राहिले. अंगात लाँड्रीचा निळा कोट, वाफेने ओला. टॉवेलवाली येऊन तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती, मी हं हं करत होते. मग थोरली आली आणि आम्ही घरी गेलो.

रविवारी सकाळी टॉवेलवालीच दारात. ही टॉवेलच्या विभागात असते, आणि गल्लीतली कुठलीही बातमी हिच्या तोंडून गेल्याशिवाय पक्की होत नाही. मी अंथरुणं आवरत होते, थोरली दारात उभी.

“ताई, फळ्यावरचं खरं का?” टॉवेलवालीने खाजगी आवाजात विचारलं.

“खोटं कशाला लिहीन मी?”

“म्हणजे उद्यापासून धुणं बंद.”

“बंद.”

“सगळ्यांचं?”

“मग काय, एकटीचं?” थोरली वैतागली. “साबणच नाही तर कोण कशाने धुणार?”

“अस्सं,” टॉवेलवाली म्हणाली, पण तिचे डोळे काही वेगळंच बोलत होते. “आणि किती दिवस?”

“साबण येईपर्यंत. मंडळाने मागणी केलीय.”

“मागणी केलीय!” तिने कपाळाला हात लावला. “आणि नाही मिळालं तर?”

“नाही मिळालं तर राहील बंद. सवय करायची.”

टॉवेलवाली थोरलीकडे अशी बघत मागे सरकली की जणू आमच्या दारात कुणी भलतीच बाई उभी आहे. “धन्य आहे तुमची,” म्हणाली आणि गेली. थोरली मला विचारते, “हिला साबणाचं एवढं काय गं?”

दुपारपर्यंत आणखी पाच-सात जणी येऊन गेल्या. एकीने विचारलं, आम्ही घरीच थांबायचं की गेटवर यायचं? थोरली म्हणाली, जसं तुम्हाला सोयीचं. एकजण थोरलीचा हात हातात घेऊन डोळे पुसून गेली. धुण्याच्या साबणासाठी! माझं डोकं चक्रावलं. संध्याकाळी मी उठले आणि फळ्यापाशी गेले.

तिथे पत्रकवाले काका उभे. एका हातात नियमांचं पुस्तक, नाकावर चष्मा, भराभर पानं उलटताहेत.

“या, या,” म्हणाले, “मला एक सांगा, हा साबण संप म्हणजे नेमका कुठला प्रकार? बैठा संप मला माहीत आहे, लाक्षणिक माहीत आहे. साबण संप पुस्तकात सापडत नाही.”

मी फळ्याकडे बघितलं.

साबण संप
सोमवारपासून धुणं बंद

‘ला’ नव्हता. जिथे तो ताठ उभा होता तिथे नुसता पुसट डाग. मी माझ्या खांद्याकडे बघितलं. कारण सकाळी अंथरुणं आवरताना मी माझा निळा कोट खुंटीवरून काढला होता आणि उजव्या खांद्यावरचं पांढरं काहीतरी झटकलं होतं. थोरलीचा ‘ला’ माझ्या खांद्यावरून घरी आला होता.

“काही म्हणतात,” काका पुढे सांगत होते, “की कामावर जायचं, पण साबण घालायचा नाही, नुसत्या पाण्यात बुचकळून काढायचं. काही म्हणतात तसं नाही. हे वरून ठरलं असेल. मला कळवायचं राहून गेलं असेल. होतं असं.”

आता त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. काका, अहो कसला संप, साबण संपला, खडू द्या इकडे. एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. भीती वाटली म्हणावं, तर खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं. एक दिवस तो कागद द्यायचा टळेल, असं काहीतरी मनात आलं. आलं का? की मी हे आता जुळवतेय? देव जाणे. मी काकांना म्हटलं, “मला तरी काय माहीत,” आणि घरी येऊन थोरलीलाही काही सांगितलं नाही. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

सोमवारी पावणेसातला आम्ही दोघी निघालो. थोरलीच्या पिशवीत डबा आणि तो कागद. अर्धवट लिहिलेला. “तिथे बसून पुरा करते,” म्हणाली, “घरी काही जमेना.” मी फळ्याच्या बाजूने न जाता तिला पलीकडून नेलं.

गेटबाहेर सगळी लाँड्री उभी. टॉवेलवाल्या, रोलरवाल्या, भट्टीवरचे दोघं, गाडीवाले, सगळे. गेट सताड उघडं आणि आत कुणी नाही. दोन गाड्या मळक्या चादरींनी भरून तशाच उभ्या.

“काय गं,” थोरली म्हणाली, “वीज गेलीय का?”

तिला बघून लोक बाजूला झाले. मधून वाट पडली. कुणीतरी म्हणालं, “आल्या, आल्या.” थोरलीने मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मला म्हणते, “अगं, हे माझ्याकडे का बघताहेत? मी कोट उलटा घातलाय का?”

आणि त्या वाटेच्या शेवटी चिमणी. हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी, दुसऱ्या हाताने आईला धरलेलं. म्हातारी नजर नसलेल्या डोळ्यांनी समोर बघत होती. चिमणीची बडबड पार गेली होती. ती थोरलीजवळ आली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही माझ्यासाठी हे केलंत?”

थोरलीने तोंड उघडलं. मी शेजारीच होते, ती काय म्हणणार ते मला माहीत होतं. काय केलं गं मी, असंच म्हणणार होती. पण म्हातारी चाचपडत पुढे आली, थोरलीचा हात शोधून तिने तो कपाळाला लावला, आणि थोरलीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तेवढ्यात कडकसाहेब बाहेर आला. घामाने सदरा मऊ झालेला मी पहिल्यांदा बघितला.

“हा काय तमाशा आहे? साबण संप, साबण संप! अहो, साबण कोठीत छतापर्यंत भरलाय! कुणाला काय कमी पडलं?”

“कुठला संप?” थोरलीने विचारलं.

साहेबाने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. थोरलीने वळून फळा बघितला. मग ती रस्ता ओलांडून निघाली, तिच्यामागे आम्ही सगळे, साहेबसुद्धा. फळ्यासमोर ती उभी राहिली, मान तिरकी करून, पाटी तपासल्यासारखी.

“अगं बाई,” ती म्हणाली, “माझा ‘ला’ कुठे गेला?”

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. सगळ्यात आधी समजलं ते साहेबाला. तो हसत सुटला. इतका हसला की भिंतीला टेकला. “संपला! साबण संपला! अहो, मागच्या ओट्यावरचा साबण संपला, आणि तुम्ही सगळे... अरे देवा!” मग त्याने खिशातून खडू काढला, गाड्यांवर खुणा करायला तो जवळ असायचाच. थोरलीपुढे धरला. आवाज पुन्हा शुक्रवारसारखा मऊ. “घ्या. एक अक्षर लिहा, म्हणजे यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. मग सगळे आत चला, मीही काही मनात ठेवणार नाही. आणि तो कागद आणलाय ना?”

मागे कुजबुज सुरू झाली. म्हणजे संप नाहीच? मग आपण उभे का? टॉवेलवाली म्हणाली, अगं पण यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला, मागणी केलीय म्हणून! काका पुस्तकातून मान वर काढून म्हणाले, तरीच सापडत नव्हतं. माणसं एकेक पाऊल मागे सरकायला लागली. चिमणीने पट्टीचा हात हळूच पाठीमागे नेला. तेवढं मी बघितलं आणि मला राहवेना.

“ताई, तो मी पुसला. माझ्या खांद्याने. काल मला कळलं, पण मी...”

“गप गं,” थोरली म्हणाली. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

तिने खडू घेतला. ‘संप’च्या पुढे हात नेला. खडूचं टोक फळ्याला टेकलं, आणि तिथेच राहिलं. मी तिला सात वर्षं फळ्यावर लिहिताना बघतेय, तिचा खडू असा कधी अडला नाही. तिचे ओठ हलत होते. आधी मला कळेना ती काय करतेय. मग लक्षात आलं. ती वाचत होती. पहिल्या ओळीपासून, एकेक अक्षर, शाळेतल्या पोरीसारखी.

मग तिने डावा हात वर केला आणि तळहाताने ‘साबण’ पुसून टाकलं.

संप
सोमवारपासून धुणं बंद

“अहो बाई, चुकलात!” साहेब ओरडला. “भलतंच पुसलंत!”

“नाही,” थोरली म्हणाली. “या वेळी वाचलंय मी.”

आणि खाली, दोरी नाही, रेघ नाही, तशीच तिने तिसरी ओळ लिहायला घेतली. ‘रोलरची दांडी तारेने बांधलेली होती, तारेचं एक टोक मी धरलं होतं’. आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव. ओळ डावीकडून निघाली आणि उजवीकडे पार खाली उतरली, उतारावरून गाडी सुटावी तशी. अक्षरं लहानमोठी, ‘धरलं’मधला ‘ल’ तर एका पोटाचा. मी म्हटलं, आता ही सगळं पुसणार. तिने बघितलं. वाकडं आहे हे तिला दिसलं. खडू साहेबाच्या हातात परत दिला आणि चिमणीच्या आईला बसायला कुठे जागा आहे का ते बघायला गेली.

लोक मागे सरकले होते, ते पुन्हा पुढे आले. कोण पहिलं आलं, ते विचारू नका. आज प्रत्येकजण म्हणतो मीच.

चार दिवस लाँड्री बंद राहिली. हे चार दिवस कसे गेले, ते ज्याचं त्याला माहीत, थोरली रोज विचारायची, “आपण करतोय ते बरोबर आहे ना गं?” आणि मी रोज म्हणायचे, “मला काय विचारता, तुम्हीच लिहिलंय.” काकांनी सगळा मजकूर उतरवून घेतला आणि पुढे न्यायचा तिथे नेला. तपासणीला माणसं आली, त्यांनी आधी फळा बघितला, मग रोलर बघितला. तार अजून तशीच होती. कडकसाहेबाला घाईत तेवढं सुचलंच नव्हतं. गुरुवारी तार कापली. चिमणीच्या उपचाराचं लाँड्रीने लेखी मान्य केलं, आणि हात बरा झाल्यावर काम तिचंच, हेही. तीन बोटं नीट मिटत नाहीत तिची. ती आता माझ्या टेबलावर घडी घालते आणि दिवसभर माझं डोकं खाते. खाऊ दे.

थोरलीला काढलं नाही. काढायचं ठरत होतं म्हणे, पण काकांनी संघटनेची हजेरीची वही दाखवली. सात वर्षांपूर्वी त्यांनी हिला विचारलं होतं, “बोर्डावर याल का?” त्यांना म्हणायचं होतं, संघटनेच्या मंडळावर सभासद म्हणून. हिला वाटलं फळ्यावर लिहायला, म्हणून ही आनंदाने हो म्हणाली आणि दर महिन्याला सही करत राहिली. संघटनेच्या माणसाला असं तडकाफडकी काढता येत नाही म्हणतात. “म्हणजे मी सात वर्षं संघटनेत होते?” तिने काकांना विचारलं. “आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“तुम्हीच लिहिलं होतंत हो फळ्यावर,” काका म्हणाले. “नव्या सभासदांची नावं. पहिलंच तुमचं.”

गुरुवारी संध्याकाळी तिने फळा पुसायला घेतला. चिमणी म्हणाली, राहू द्या ना ती वाकडी ओळ. थोरली म्हणाली, फळा आहे, देवघर नाही. पुसला. मंडळाच्या खोलीत त्याच दिवशी साबणाची पेटी आली होती, आणि उद्या सकाळी कामावर जायचं हेही लोकांना सांगायला हवं होतं. तिने दोरी लावली, रेघ मारली, आणि दोन्ही बातम्या एकदमच लिहिल्या:

साबण आला
शुक्रवारपासून धुणं सुरू

‘ला’ एवढा मोठा काढला की फळ्याच्या कडेबाहेर जातो की काय असं वाटलं. मग लांब होऊन तिने ते दोनदा वाचलं, मोठ्याने.

“धाकटे,” ती मला म्हणाली, “तिकडे उभी राहा.”

मी पार रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले.